पावती आणि तिचे प्रत्युत्तर



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे यावीत, असे वळण आपल्याला शाळेपासून लागलेले आहे. त्या मानाने आजचा माझा विषय अगदीच क्षुद्र वाटेल. ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे ती आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात या क्षणी चुरगळून पडलेली असेल. एस.टी.ने आलेल्यांना वाहकाने हातातल्या यंत्रातून फाडून दिलेले तिकीट, औषधाच्या दुकानातून आणलेले बिल, बाजार समितीच्या आवारातून आणलेली हिशेबपट्टी, ही सारी एकाच जातीची. तिला आपण पावती म्हणतो. पावणे म्हणजे पोचणे, हाती येणे. तेव्हा जी हाती पावली नाही तिला पावती म्हणता येणार नाही, हे शब्दच सांगतो. आजच्या व्याख्यानात मला पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे या एका शब्दाभोवती फिरणारे आहे.

पावती आता मुनीम लिहीत नाही, प्रिंटर छापतो. संगणक त्याला मजकूर देतो आणि तो कागदावर उमटवितो. येथपर्यंत गोष्ट सोपी आहे. परंतु प्रिंटरचा कागद मध्येच संपला, त्याचे झाकण उघडे राहिले, कापणारे पाते अडकले, तर संगणकाला ते कळावे कसे? त्याने मजकूर दिला आणि आपल्या वहीत 'पावती दिली' अशी नोंद करून तो मोकळा झाला. समोरचा माणूस मात्र रिकाम्या हाताने उभा आहे. म्हणून अशी एक सोय लागते की, प्रिंटर कितीही कामात असो, किंवा रुसून बसलेला असो, त्याला रांग मोडून विचारता यावे : 'बाबा रे, तुझे ठीक आहे ना?' आणि त्यानेही हातातले काम तसेच ठेवून तत्क्षणी उत्तर द्यावे. या प्रश्नाला यंत्रविद्येत तात्काळ स्थितिदर्शक आज्ञा म्हणतात. हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. आपल्या वऱ्हाडात तो दीडशे वर्षे या ना त्या रूपाने विचारला जात आहे.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे म्हणतात. हे सोने पांढरे होते. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रज कंपनीकडे लावून दिले, त्यामागे कर्जाची आणि फौजेच्या खर्चाची कारणे होती हे खरे. पण या काळ्या जमिनीत पिकणारा कापूसही त्यांच्या नजरेबाहेर नव्हता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा ही नावे लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आली. पेठा वाढल्या, माड्या चढल्या. शेतकऱ्याचे काय झाले?

शेतकरी बंडी घेऊन बाजारात येई. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरे. ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. मग वजन. त्यातून कडता जाई, नमुना जाई, धर्मादाय जाई, आणि उरेल त्याचे पैसे अडत्या सांगेल तेवढे. कागदावर काही असलेच तर ते अडत्याच्या वहीत. शेतकऱ्याजवळ असे काही, की जे पुढे धरून 'हे पाहा, माझे इतके वजन झाले होते' असे म्हणता येईल, फारसे नसे. पुढे १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला बाजार. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण तो जिल्हाच मुळी १९९८ साली अकोल्यातून निघाला. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची ठरलेली जागा, व्यवस्था पाहणारी समिती, परवाना घेतलेले अडते आणि मापारी, असे त्याचे स्वरूप होते. समितीत व्यापाऱ्यांचे वजन अधिक होते हे मान्य केले पाहिजे. तरी १९२८ साली शेतकीविषयक रॉयल कमिशनने देशभर नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली तेव्हा वऱ्हाडचे उदाहरण त्याच्यापुढे होते, आणि महाराष्ट्र राज्याचा १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा त्याच घराण्यातला आहे.

काटापट्टी आणि हिशेबपट्टी यांना आपल्याकडे जी प्रतिष्ठा आली ती या वाटेने. मापाऱ्याने वजन केले की त्याने काटापट्टी फाडावी. एक प्रत शेतकऱ्याला, एक अडत्याला. कागदाखाली निळा कार्बन ठेवून लिहिलेली ती पट्टी म्हणजे, कोणाच्याही वहीवर अवलंबून नसलेली, शेतकऱ्याच्या टोपीत राहणारी साक्ष. या कार्बनच्या प्रतीची आठवण ठेवा. शेवटी ती पुन्हा यावयाची आहे.

आता रांग मोडून विचारण्याचा प्रश्न. जी.आय.पी. रेल्वेचा फाटा भुसावळहून अकोला, बडनेरा असा करीत १८६७ साली नागपूरला पोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावचा फाटा उघडला गेला आणि त्याच वर्षी मुंबई ते इंग्लंड समुद्रतळाची तार जोडली गेली. विलायतेचा भाव मुंबईला आणि मुंबईचा भाव वऱ्हाडला तारेने येऊ लागला. तारेत दोन अडचणी प्रथमपासून होत्या. पहिली अशी, की पाठविणारा खटखट करीत बसला तरी पलीकडे कोणी ऐकत आहे काय, हे त्याला दिसत नसे. म्हणून तारांना अनुक्रमांक घालावयाचे, मधला आकडा चुकला की हाक मारावयाची. महत्त्वाच्या तारेला 'पोचली' अशी उलट तार मागवावयाची, त्याचे वेगळे पैसे पडत. दुसरी अडचण रांगेची. साध्या तारांचा गठ्ठा साचलेला असताना निकडीची तार आली तर? तिला जादा दर लावून पुढे काढीत. म्हणजे तारखात्याने दोन गोष्टी ओळखल्या होत्या : पोचल्याची खूण निराळी मागावी लागते, आणि काही निरोपांना रांगेबाहेरचा मार्ग ठेवावा लागतो. आपल्याकडची तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण ही दोन तत्त्वे तिच्याबरोबर गेली नाहीत.

रेल्वेने तर यातून शास्त्रच बनविले. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. त्यासाठी इकडचा स्टेशनमास्तर घंटीच्या ठोक्यांनी तिकडच्याला विचारतो, 'लाइन क्लिअर आहे काय?' आणि तिकडून होकार आल्याशिवाय इकडच्या यंत्रातून टोकनचा गोळा बाहेर पडत नाही. तिकडचा मास्तर तिकिटे देत असो की जेवावयास बसलेला असो, घंटी झाली की आधी उत्तर. येथे लक्षात घेण्याजोगे हे की, उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ 'हो' असा कधीच घ्यावयाचा नाही. मौन म्हणजे संमती हा न्याय विवाहाच्या बोलण्यांत चालत असेल, रेल्वेत चालत नाही. प्रिंटरच्या बाबतीत मात्र पुष्कळ आज्ञावलीकार आजही तोच न्याय चालवितात, हे खेदाने सांगावेसे वाटते.

तारेच्या पुढची पायरी टेलिप्रिंटर. एकीकडे टंकलेखन करावे आणि दुसरीकडे यंत्राने आपोआप टंकावे. येथे पलीकडे माणूस बसलेला नसला तरी काम चाले, आणि म्हणूनच 'पलीकडे कोण आहे?' हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला. टेलेक्सच्या यंत्रावर 'तू कोण?' अशी एक कळच होती. ती दाबली की दूरच्या यंत्रातले दातेरी नळकांडे फिरे आणि ते यंत्र आपले नाव आपणच छापून पाठवी. माणूस झोपलेला असला तरी यंत्र जागे असल्याची ही ग्वाही. आपल्या देशात १९६० साली मद्रासला हिंदुस्तान टेलिप्रिंटर्स हा कारखाना निघाला.

१९६३ साली अमेरिकेत अक्षरे आणि खुणा यांना ठराविक आकडे देणारा एक तक्ता मान्य झाला. आस्की या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यात अक्षरांच्या आधी बत्तीस जागा अशा खुणांसाठी ठेवल्या, की ज्या छापावयाच्या नसून ज्यांनी यंत्राला हुकूम द्यावयाचा. टेलेक्सची 'तू कोण?' ही कळ तेथे पाचव्या आकड्यावर येऊन बसली आणि तिला पुढे 'पृच्छा' हे नाव पडले. चौथ्या आकड्यावर 'प्रेषण समाप्त'. सोळाव्यावर एक विशेष खूण बसली. १९६७ च्या सुधारलेल्या तक्त्यात तिचे नाव पक्के झाले. तिचा अर्थ असा, की यापुढे येणारे चिन्ह मजकुरातले समजू नये, ते मार्गाच्या व्यवस्थेविषयी आहे. गावच्या सभेत वक्ता बोलता बोलता थांबून 'जरा ध्वनिक्षेपक वर करा' म्हणतो, ते वाक्य भाषणातले नसते. तशीच ही खूण. हा तक्ता तारयंत्रवाल्यांच्या अनुभवाचे गाठोडे आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

ते गाठोडे जपानात कसे सुटले, तीही गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी सेको समूहाने अशी घड्याळे केली, की जी वेळ मोजून ती लगेच कागदावर छापीत. त्या अनुभवातून १९६८ साली ई.पी. १०१ नावाचा तळहातावर मावणारा छोटा प्रिंटर निघाला. त्याची संतती ती 'एप्सन', अशी त्या नावाची व्युत्पत्ती. ते नाव १९७५ पासून चालू झाले. पुढे दुकानांतल्या पावत्यांसाठी या मंडळींनी आज्ञांची एक भाषा ठरविली, आणि इतर कारखान्यांनी तिचेच अनुकरण केले. आज अकोल्याच्या बाजारात कोणत्याही नावाचा स्वस्त प्रिंटर घेतला तरी बहुधा ही भाषा त्याला कळते. त्या भाषेत रांगेबाहेरचा प्रश्न तीन आकड्यांचा आहे : १६, ४ आणि त्यापुढे १ ते ४ पैकी एक. 'प्रेषण समाप्त' ही खूण प्रश्नाच्या मध्यभागी बसावी, ही गंमतच आहे. शब्द जुने राहिले, अर्थ बदलला. भाषेत घडते तेच येथे घडले.

या प्रश्नाचे काम कसे चालते ते पाहू. संगणकाकडून आलेला मजकूर प्रिंटरच्या पोटात एका कोठारात साठतो आणि क्रमाने छापला जातो. तारेच्या जोडणीचा एक नेहमीचा वेग धरला तर सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात. बेचाळीस अक्षरांच्या चाळीस भरगच्च ओळींची पट्टी म्हणजे १,६८० अक्षरे. ती पावणेदोन सेकंदांत आत जाऊन पडते. कागद संपला की प्रिंटर थांबतो, पण कोठारातला मजकूर तेथेच असतो. साधा प्रश्न पाठविला तर तो या मजकुरामागे जाऊन उभा राहील आणि प्रिंटर थांबलेला असल्यामुळे त्याचा नंबर कधी लागणारच नाही. १६ आणि ४ ने सुरू होणारा प्रश्न मात्र दारातच ओळखला जातो आणि कोठारात न जाता त्याचे उत्तर तेथल्या तेथे मिळते. पुढच्या आकड्याने काय विचारले ते ठरते. १ म्हणजे एकंदर स्थिती. २ म्हणजे थांबला असशील तर का. ३ म्हणजे बिघाड कोणता. ४ म्हणजे कागद आहे काय.

उत्तर एकाच आकड्यात येते आणि ते आपल्या काट्यासारखे वाचावयाचे असते. १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी आठ वजने आहेत असे समजा. उत्तराच्या पारड्यात २ आणि १६ ही दोन वजने नेहमीच असतात, १ आणि १२८ कधीच नसतात. म्हणून कागदाविषयीच्या प्रश्नाला सर्व ठीक असल्यास उत्तर १८. कागद संपत आला असेल तर ४ आणि ८ पडतात, ३० होतात. अगदीच संपला तर ३२ आणि ६४ पडतात. थांबण्याच्या कारणाच्या प्रश्नात झाकण उघडे असेल तर ४, बिघाडाच्या प्रश्नात पाते अडकले असेल तर ८. हे १८ च का, असा प्रश्न एखाद्या चौकसाच्या मनात येईल. प्रिंटर संगणकाला 'थांब' आणि 'चालू दे' असे सांगण्यासाठी दोन जुनी चिन्हे वापरतो. त्यांचे आकडे १९ आणि १७. उत्तरात १ चे वजन कधीच पडत नाही, म्हणून उत्तर नेहमी सम असते आणि या दोन विषम चिन्हांशी त्याची गफलत होत नाही. ज्याने हे ठरविले तो माणूस हिशेबी असला पाहिजे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुष्कळ जाणते लोकही तेथेच घसरतात. रांगेबाहेरच्या प्रश्नाचे उत्तर 'आता कसे आहे' एवढेच सांगते. 'तुझी पट्टी छापून झाली' असे ते सांगत नाही. ते जाणून घ्यावयाचे तर रांगेतला प्रश्न लागतो. तशीही एक आज्ञा या भाषेत आहे. ती मजकुराच्या शेपटीला जोडून पाठवावयाची. तिचे उत्तर आले याचाच अर्थ तिच्या पुढचे सारे हातावेगळे झाले. ते उत्तर काही सेकंदांत आले नाही, तर मग रांग मोडून विचारावयाचे, 'का रे थांबलास?' आणखी एक अडचण : संगणकाची स्वतःचीही एक छपाईची रांग असते. प्रश्न त्या रांगेतून पाठविला तर तो प्रिंटरच्या दारापर्यंतच पोचत नाही. निकडीची तार पोस्टाच्या साध्या पेटीत टाकण्यासारखे ते होते.

आता मराठीची गोष्ट. या प्रिंटरांच्या पोटात रोमन अक्षरे कोरलेली असतात, देवनागरी बहुधा नसते. म्हणून मराठी पट्टी काढावयाची तर सबंध पट्टीचे चित्र करून, ठिपक्याठिपक्यांनी पाठवावे लागते. इंग्रजी मजकुरात १६, ४ हे आकडे येऊच शकत नाहीत, कारण ते अक्षरांचे नव्हेत. चित्रात मात्र कोणताही आकडा कोठेही येऊ शकतो. आणि दारावरचा पहारेकरी चित्र पाहत नाही, तो फक्त आकडे ऐकतो. चित्रात योगायोगाने १६, ४, १ असे एकापुढे एक आले की त्याला वाटते, आपल्याला विचारले. तो उत्तर देऊन टाकतो. याविषयीचा इशारा प्रिंटरच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तो मी वाचला होता. वाचला होता आणि सोडून दिला होता, असे सांगणे अधिक खरे.

मी अमरावतीचा. काही वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका अडत दुकानासाठी हिशेबपट्टीची आज्ञावली लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. बडनेऱ्याहून गाडीने जावे, संध्याकाळी परतावे, असे दोन महिने केले. पट्टी मराठीत हवी, हा मालकांचा आग्रह मला आवडला. दुकानाच्या नावाखाली एक सुंदर पट्टा असावा म्हणून मी हौसेने उभ्या बारीक रेघांची झालर काढली. एक ठिपका रुंदीची रेघ, दर दहा ठिपक्यांवर एक, आठ ठिपके उंच. कागदावर ती साडीच्या काठासारखी दिसे. प्रत्येक पट्टी पाठविल्यावर माझी आज्ञावली विचारी, 'कागद आहे काय?', पहिले जे उत्तर हाती येईल ते वाची, आणि ३२ व ६४ ची वजने त्यात नसली की वहीत 'पट्टी दिली' असे मांडी. सबंध जानेवारी काहीही तक्रार नव्हती.

फेब्रुवारीत तुरीची आवक ऐन भरात होती. दुपारी एक वृद्ध शेतकरी पट्टीसाठी उभे होते. प्रिंटर खरखरला, थांबला. मुनिमांनी कागदाचे नवे भेंडोळे घातले, घाईत यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, आणि पुढचे नाव पुकारले. त्या बंद करण्याने कोठारातला मजकूर पुसला गेला होता. म्हातारबुवा म्हणाले, 'माही पट्टी?' मुनिमांनी पडद्यावर पाहिले. 'काकाजी, तुमची पट्टी दिली आहे, येथे लिहिले आहे.' ते म्हणाले, 'तुह्या मशीनीत लिहेल असन भाऊ, माह्या हातात त काईच नाई.'

मी तेथेच होतो. आणि मला सांगण्यास संकोच वाटतो, पण मीही मुनिमांच्याच बाजूने बोललो. आज्ञावलीने कागद आहे की नाही हे विचारले होते, उत्तर ठीक आले होते, नोंद स्पष्ट होती. एका मालाच्या दोन पट्ट्या काढून दोनदा पैसे मागण्याचे प्रकार बाजारात क्वचित होतात, आणि मुनिमांच्या चेहऱ्यावर तो संशय उघड दिसत होता. चार माणसे जमली. म्हातारबुवांनी आवाज चढविला नाही. त्यांनी टोपी काढली, तिच्या घडीतून मापाऱ्याची काटापट्टी काढली, निळ्या कार्बनची, आणि टेबलावर ठेवली. तिच्यावर वजन होते, वेळ होती, मापाऱ्याची सही होती. तिच्यावरून पट्टी पुन्हा काढून दिली. तरी 'दुसरी प्रत' असा शिक्का मारूनच. तो शिक्का त्यांनी निरखून पाहिला, हे मला दिसले.

त्या रात्री मी परतलो नाही. प्रिंटरला दुसरा संगणक जोडून येणारे प्रत्येक उत्तर कागदावर मांडत बसलो. एक प्रश्न विचारल्यावर एक उत्तर यावे; येत होती शंभराच्या वर. कोण विचारीत होते? माझी झालर. आठ ठिपक्यांचा एक आकडा होतो. दहा-दहा ठिपक्यांवर रेघ घातली की दर चाळीस ठिपक्यांत १६, ४, १, ०, ६४ असे आकडे पडतात आणि तेच पुन्हा पुन्हा येत राहतात. पट्टीची रुंदी ५७६ ठिपके. म्हणजे एका ओळीत चौदा वेळा, आणि आठ ओळींत एकशे बारा वेळा, माझी शोभेची झालर प्रिंटरला विचारीत होती, 'कसे आहे?' आणि तो बिचारा तितक्याच वेळा 'ठीक आहे' म्हणत होता. ती सारी उत्तरे संगणकाच्या दारात साचत होती. माझी आज्ञावली त्यातले सर्वांत जुने एक उचलून 'कागद आहे' असे वाचीत होती. कागद संपल्याचे खरे उत्तर आले होते, पण त्या ढिगाच्या मागे. महिनाभर मी शिळी उत्तरे वाचत होतो, आणि कागद एकदाही पट्टीच्या मध्ये संपला नव्हता म्हणून ते कळले नव्हते.

झालर एक ठिपका उजवीकडे सरकविली. तेवढ्याने आकडे १२८, ३२, ८, २, ० असे झाले. १६ आणि ४ शेजारी येण्याचा प्रश्नच मिटला. पण तेवढ्यावर विसंबणे बरे नव्हते. उद्या एखाद्या अक्षराचे काने तसेच जुळून येतील. म्हणून पाठविण्याआधी सबंध चित्र तपासून घ्यावयाचे, प्रश्न विचारण्याआधी दारातली जुनी उत्तरे झाडून टाकावयाची, आणि 'पट्टी दिली' हे शब्द, मजकुरामागे जोडलेल्या रांगेतल्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत लिहावयाचेच नाहीत, असे ठरविले. ते उत्तर आले नाही तर पडद्यावर तांबड्या अक्षरांत 'पट्टी निघाली नाही' असे येते आणि मुनिमांना पुढचे नाव पुकारता येत नाही. मुनीम यावर काही दिवस रागावलेले होते. हंगामात प्रत्येक पट्टीमागे एखादा सेकंद जादा जातो, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. भेंडोळे बदलताना यंत्र बंद करू नये, अशी चिठ्ठीही प्रिंटरवर चिकटविली. ती मराठीत, हाताने लिहिलेली.

पाते अडकले तर काय करावे, यावर मालकांचा आणि माझा वाद झाला. त्या भाषेत रांगेबाहेरची आणखी एक आज्ञा आहे, १६ आणि ५ ची. 'पृच्छा'ची जुनी खूण तेथे कामाला लावली आहे. तिच्या एका रूपाने प्रिंटर अडलेल्या ओळीपासून पुढे चालू लागतो, दुसऱ्या रूपाने कोठार पुसून मोकळा होतो. मालकांना पहिले हवे होते. कागद वाया जात नाही. मला दुसरे हवे होते. अर्धी पट्टी येथे आणि अर्धी तेथे अशी शेतकऱ्याच्या हाती गेली तर तिला कोण मानणार? कोठार पुसावे, अर्धा तुकडा फाडून ठेवावा आणि पहिल्या अक्षरापासून नवी पट्टी काढावी. शेवटी मालकांनी मान्य केले, आणि फाडलेले तुकडे एका तारेला ओवून ठेवण्याची त्यांच्या वडिलांच्या वेळची रीत पुन्हा सुरू केली. तेथे गेलो की मी ती तार आधी पाहतो.

पुढच्या हंगामात ते वृद्ध गृहस्थ पुन्हा तूर घेऊन आले होते. योगायोगाने त्या दिवशीही मी दुकानात होतो. त्यांनी मला ओळखले की नाही, सांगता येत नाही. पट्टी निघाली, त्यांनी ती हातात घेतली, मापाऱ्याच्या काटापट्टीशेजारी धरून एकेक आकडा बोटाने जुळवून पाहिला, दोन्ही कागद एकत्र दुमडून टोपीच्या घडीत ठेवले, आणि हमालाचे पैसे चुकते करावयास निघून गेले.